संन्यस्त जीवनाचं पाचारण कसं पारखायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कॅथलिक संन्यस्त जीवनाचा विचार करणारे तरुण-तरुणी विचारतात, आणि बऱ्याचदा त्यांच्याहून आधी त्यांचे आईवडील. इथले नियम १९८३ च्या कॅनन कायद्यातले (कॅथलिक चर्चच्या कायद्यातले) आणि त्यात नंतर झालेल्या बदलांतले आहेत. प्रत्येक संस्थेची (संन्यस्तांच्या संघाची) घटना त्यात स्वतःची भर घालते, त्यामुळे ज्या संस्थेचा विचार चालू आहे तिचे नियम तिच्याकडूनच मागून घ्या.

पाचारण (या जीवनासाठी देवाचं बोलावणं) झालंय हे कळतं कसं? आवाज ऐकू येतो का?

बहुतेकांना काहीही ऐकू येत नाही. एक ओढ असते. ती कामाच्या गर्दीत बुजते, पुन्हा वर येते, आणि वर्ष-दोन वर्षं गेली तरी पाठ सोडत नाही. पण ओढ हा निम्माच भाग झाला. संस्थेत घेताना चर्च तीन गोष्टी बघतं: हेतू स्वच्छ आहे का, त्या जीवनाला लागणारे गुण आहेत का, आणि कायद्याचा काही अडथळा नाही ना. हे तपासून योग्य अधिकारी तुम्हाला स्वीकारतात, तेव्हा उरलेला निम्मा भाग पूर्ण होतो. ‘देवाने मला सांगितलंय, मग तुम्ही नाही कसं म्हणता?’ हा युक्तिवाद ऐकला की कोणताही अनुभवी व्होकेशन डिरेक्टर (संस्थेतर्फे उमेदवारांशी बोलणारा) सावध होतो.

फादर, ब्रदर, सिस्टर, मठवासी: यांत फरक काय?

सुरुवातीचा बराच गोंधळ इथलाच असतो. धर्मप्रांतीय (एका विभागातल्या चर्चचे) धर्मगुरू तिथल्या प्रमुखांना, म्हणजे बिशपांना, आज्ञापालनाचं वचन देतात आणि ब्रह्मचर्य स्वीकारतात. दारिद्र्याचं व्रत मात्र घेत नाहीत, त्यांची स्वतःची मिळकत असू शकते. संन्यस्त लोक (सिस्टर त्यांतल्याच) दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रतं जाहीरपणे घेतात आणि समूहात राहतात. त्यांच्यातले काही जण धर्मगुरूही असतात. ब्रदर नसतात, आणि ब्रदर म्हणजे ‘फादर व्हायचं राहून गेलेला’ असंही नाही. ते स्वतंत्र पाचारण आहे. मठातल्या बंदिस्त धर्मभगिनींचं मुख्य काम प्रार्थना. याशिवाय नोकरी-व्यवसाय करत जगात राहून व्रतस्थ असणाऱ्या सेक्युलर इन्स्टिट्यूट आहेत, बिशपांच्या हस्ते समर्पित होणाऱ्या कुमारिका आहेत, एकांतवासी आहेत.

व्रतांचे शब्दही सगळीकडे सारखे नसतात. बेनेडिक्टाइन एकाच मठात स्थिर राहण्याचं व्रत घेतात. डॉमिनिकन व्रतग्रहणात तोंडाने फक्त आज्ञापालनाचा उच्चार करतात, बाकीची दोन त्यातच धरलेली असतात. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचं चौथं व्रत आहे, गरिबातल्या गरिबाची मनापासून विनामूल्य सेवा करण्याचं.

‘मला फादर व्हायचंय’ असं म्हणणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारून बघावा: पुरोहितदीक्षा कधीच मिळाली नाही, तरी मला या समूहात या लोकांबरोबर राहायला आवडेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर धर्मप्रांताची सेमिनरी (धर्मगुरू घडवणारी शाळा) हा पर्याय आधी बघा.

खरी ओढ आणि नुसता भावनेचा भर: वेगळं कसं करायचं?

यावर सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोलांची. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या ते दोन प्रकारची स्वप्नं रंगवत: दरबारातल्या पराक्रमाची, आणि संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्ही गोड लागत. मात्र पहिल्यानंतर मन कोरडं पडे, दुसऱ्यानंतर समाधान मागे राही. म्हणजे बघायचं ते विचार चालू असतानाचं सुख नाही, तो ओसरल्यावर काय उरतं ते.

हे आठवणीच्या भरवशावर सोडू नका. वही ठेवा. रोज प्रार्थनेनंतर तीन-चार ओळी पुरतात: आज कशाने जीव हलका झाला, कशाने जड झाला, त्याआधी काय घडलं होतं. नमुन्याची नोंद अशी दिसेल: ‘मंगळवार. रुग्णालयात म्हाताऱ्या बाईंना भरवलं. घरी येताना शांत. रात्री मैत्रिणीच्या साखरपुड्याचे फोटो पाहिले, पोटात तुटलं. प्रार्थनेला बसवेना.’ यावरून काही ठरवायचं नसतं. तीन-चार महिन्यांनी पानं उलटून बघितली, की तेच तेच काय येतंय ते दिसतं, आणि आध्यात्मिक मार्गदर्शकापुढे ठेवायला काहीतरी ठोस हातात असतं.

कोणत्याच बाजूला स्पष्ट कौल नसेल तेव्हा इग्नाशियस बुद्धी वापरायला सांगतात. प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘देवाला माझ्याकडून काय हवंय’ हा प्रश्न फार मोठा आहे. ‘येत्या जूनमध्ये या संस्थेत पोस्टुलन्ट (प्राथमिक उमेदवार) म्हणून जावं का’ हा चालेल. मग चार रकाने: गेल्याचे फायदे, गेल्याचे तोटे, न गेल्याचे फायदे, न गेल्याचे तोटे. चूक होते ती इथे, लोक मुद्दे मोजतात. एका बाजूला अकरा मुद्दे आणि दुसरीकडे तीन, म्हणून पहिली बाजू जिंकली असं होत नाही. त्या तिनांतला एक मुद्दा बाकी सगळ्यांना पुरून उरणारा असू शकतो. प्रत्येक मुद्द्यापुढे तो कुठून आला तेही लिहा: विश्वासातून, भीतीतून, की चार लोक काय म्हणतील यातून.

आणखी दोन कसोट्या त्यांच्याच. अनोळखी माणूस नेमका हाच प्रश्न घेऊन आला, तर त्याला काय सांगाल? आणि मृत्यूच्या दारात उभे असताना आज कोणता निर्णय घेतलेला असावा असं वाटेल?

कोणत्या काळात निर्णय घेऊच नये?

मन उदास, कोरडं, सैरभैर असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, हा इग्नाशियसांचा नियम आहे. त्याची दुसरी बाजू लोक विसरतात. रिट्रीटच्या (प्रार्थना शिबिराच्या) शेवटच्या दिवशी, गाणी चालू असताना, डोळे भरून आलेले असताना दिलेला होकारही कच्चाच असतो. घरी जा, नेहमीचं काम करा, दोन महिन्यांनी बघा.

प्रेमभंग, जवळच्या माणसाचा मृत्यू, परीक्षेतलं किंवा नोकरीतलं अपयश, मोठं आजारपण यानंतर निदान एक वर्ष थांबावं. प्रौढ वयात बाप्तिस्मा घेतलेल्यांना बऱ्याच संस्था दोन-तीन वर्षं थांबवतात. आधी ख्रिस्ती म्हणून जगणं अंगवळणी पडू दे, हा त्यामागचा विचार योग्यच आहे.

‘उद्या अमुक घडलं तर मी जाणार’ अशा खुणा देवाकडे मागू नका. आणि ‘नाही म्हटलं तर देव शिक्षा करील’ ही भीती मनात असेल, तर आधी तिच्यावरच मार्गदर्शकाशी बोला. गंभीर भीतीपोटी घेतलेला प्रवेश कायद्यानेही टिकत नाही.

प्रत्यक्ष सुरुवात कुठून करायची?

दिवसाला अर्धा तास शांत प्रार्थना, शक्य तितक्या वेळा मिस्सा (चर्चमधली उपासना), महिन्यातून एकदा प्रायश्चित्त संस्कार (पापनिवेदन). हे सहा महिने न चुकता झालं, की आध्यात्मिक मार्गदर्शक शोधा आणि महिन्यातून एकदा तासभर भेटा. मार्गदर्शक तुम्हाला घेऊ पाहणाऱ्या संस्थेबाहेरचा असेल तर बरं. भरती करणाऱ्यानेच पारख करून द्यायची म्हटली, की सल्ल्यात नकळत ओढाताण येते. धर्मगुरूच हवेत असं नाही, अनुभवी धर्मभगिनी किंवा प्रशिक्षित प्रापंचिक व्यक्तीही चालते.

सोबत गरजूंची काहीतरी नियमित सेवा हवी, दर आठवड्याला तीच, जिथे कौतुक होत नाही अशी. नुसत्या प्रार्थनेत स्वतःबद्दलचे बरेच गैरसमज जपून राहतात.

एवढ्या संस्थांतून निवडायची कशी?

प्रत्येक संस्थेचं स्वतःचं वरदान असतं: डॉमिनिकनांचं प्रवचन, सालेशियनांचं तरुणांमधलं काम, कार्मेलचं मनन-चिंतन. वेबसाइटवर सगळ्याच चांगल्या दिसतात. दोन किंवा तीन निवडा, त्याहून जास्त नको. दहा ठिकाणी पत्रव्यवहार करणारा कुठेच जात नाही. आधी ‘या आणि पाहा’ शिबिराला जा, मग साध्या दिवसांत आठवडाभर राहा. शिबिरात घर सजवलेलं असतं.

राहायला गेलात की जेवणघरात लक्ष ठेवा. म्हाताऱ्या, आजारी सिस्टर सगळ्यांबरोबर जेवतात की त्यांचं ताट खोलीत जातं? जातं तर कोण नेतं, आणि नेणारी तिथे दोन मिनिटं बसते का? सुपिरियरच्या (घराच्या प्रमुखाच्या) मताविरुद्ध कुणी बोललं तर टेबलावर काय होतं? भांडी कोण घासतं? कितीही सुंदर माहितीपत्रकातून हे कळणार नाही.

आणि सरळ विचारा: गेल्या दहा वर्षांत किती जण आले, किती राहिले, गेलेल्यांबद्दल तुम्ही काय सांगता? आकड्यापेक्षा उत्तर देण्याची तऱ्हा महत्त्वाची. गेलेल्या प्रत्येकाला ‘पाचारणच नव्हतं’, ‘जगाने ओढलं’ असं म्हणणाऱ्या घरात थोडं थांबून विचार करा.

वय, लग्न, कर्ज: कशाने अडतं?

नॉव्हिशिएटसाठी (व्रतांआधीच्या प्रशिक्षणाच्या काळासाठी) १७ वर्षं पूर्ण हवीत. लिझ्यूची तेरेसा १८८८ मध्ये १५ व्या वर्षी कार्मेलमध्ये गेली. आज ते होणार नाही. वयाची वरची मर्यादा कॅनन कायद्यात नाही, संस्था ठरवते, आणि अनेक ठिकाणी ती पस्तीस-चाळीसच्या आसपास असते.

वैवाहिक बंधन कायम असेपर्यंत प्रवेश वैध होत नाही. न्यायालयाने दिलेला घटस्फोट यासाठी पुरत नाही, चर्चच्या न्यायमंडळाने विवाह रद्दबातल ठरवलेला असावा लागतो. विधवा-विधुरांना कायद्याची आडकाठी नाही, मात्र मुलं अवलंबून असतील तर संस्था घेत नाहीत. बळजबरी, गंभीर भीती किंवा फसवणूक यांतून झालेला प्रवेशही अवैध, मग फसवणूक उमेदवाराची झालेली असो वा अधिकाऱ्याची. एखाद्या संस्थेचे तुम्ही पूर्वी सदस्य होता आणि ते लपवलंत, तरी तेच.

कर्ज फेडता येत नसेल तर अधिकाऱ्यांनी प्रवेश देऊ नये असा नियम आहे. शैक्षणिक कर्ज असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. काही जण आधी दोन-तीन वर्षं नोकरी करून ते फेडतात, आणि त्या वर्षांत त्यांची पारखही चांगली होते.

कोणती कागदपत्रं आणि तपासण्या लागतात?

बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) आणि अविवाहित असल्याचे दाखले. बाप्तिस्म्याचा दाखला नव्याने काढलेला मागतात, घरातल्या कपाटातला जुना चालत नाही. विवाह किंवा आजीवन व्रतं यांची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत होते आणि ती ताज्या दाखल्यावरच दिसते. शिवाय धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) फादरांचं पत्र, शिक्षणाचे दाखले, वैद्यकीय अहवाल आणि बहुधा स्वतः लिहिलेलं आत्मवृत्त.

मानसशास्त्रीय तपासणीला बरेच जण बिचकतात. ती तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय करता येत नाही. अहवाल कोण वाचणार हे सही करण्याआधी विचारा. नैराश्यावर उपचार घेतले होते एवढ्यावरून सहसा दार बंद होत नाही. लपवलेलं पुढे उघड झालं, की विश्वासच जातो आणि मग मूळ आजाराचा प्रश्न बाजूला राहतो.

एकूण किती वर्षं लागतात?

आधी उमेदवारी आणि पोस्टुलन्सी, सहसा सहा महिने ते दोन वर्षं. मग नॉव्हिशिएट: वैध होण्यासाठी नॉव्हिशिएटच्या घरात १२ महिने हवेतच, आणि एकूण काळ दोन वर्षांहून जास्त ठरवता येत नाही. तीन महिन्यांहून अधिक गैरहजेरी झाली, सलग किंवा तुकड्यातुकड्याने, तर नॉव्हिशिएट अवैध ठरतं. १५ दिवसांहून जास्त झाली तर तेवढे दिवस भरून काढावे लागतात. शेवटी शंका उरली तर जास्तीत जास्त सहा महिने वाढवून मिळतात.

पुढे तात्पुरती व्रतं, त्यासाठी १८ पूर्ण. ती किमान तीन वर्षं, सहसा सहापर्यंत, वाढवून जास्तीत जास्त नऊ. आजीवन व्रतांसाठी २१ पूर्ण. मनन-चिंतन करणाऱ्या धर्मभगिनींच्या मठांना २०१८ पासून वेगळा हिशेब लागू आहे: उमेदवारी एक वर्ष, पोस्टुलन्सी एक, नॉव्हिशिएट दोन, तात्पुरती व्रतं पाच, म्हणजे किमान नऊ वर्षं.

कुणी तुम्हाला यातलं काही ‘लवकर उरकून’ द्यायला तयार असेल, तर ती तुमच्यावरची मर्जी समजू नका.

दारिद्र्याचं व्रत घेतलं की घरच्या मालमत्तेचं काय?

पहिल्या व्रतांआधी आपल्या मालमत्तेचा कारभार तुम्ही स्वतः निवडलेल्या व्यक्तीकडे सोपवता. बहुतेक संस्थांत मालकी तेव्हा तुमचीच राहते. मृत्युपत्र निदान आजीवन व्रतांआधी करायचं, तेही देशाच्या कायद्याला धरून. व्रतांनंतर कामातून आलेला पगार संस्थेचा असतो. म्हणजे दरमहा घरी पैसे पाठवणं तुमच्या हातात राहणार नाही. आईवडील तुमच्यावरच अवलंबून असतील तर सोय काय, हे प्रवेशाआधी भावंडांशी आणि संस्थेशी बोलून घ्या. ‘देव बघेल’ म्हणून सोडून दिलेला हा विषय आजीवन व्रतांच्या तोंडावर हमखास वर येतो.

मला लग्न, मुलं हवीहवीशी वाटतात. मग पाचारण नाही असं समजायचं?

नाही. उलट ज्याला संसार कधी हवासाच वाटला नाही, त्याला मार्गदर्शक जास्त खोदून विचारतात: जवळीक नको आहे, की जवळिकीची भीती आहे? ब्रह्मचर्यासाठी लागतात त्या बऱ्याच साध्या गोष्टी: चांगले मित्र, एकटेपणा सोसता येणं, स्वतःच्या भावनांना नाव देता येणं. लैंगिकतेबद्दल मार्गदर्शकाशी आडपडदा न ठेवता बोलता आलं पाहिजे. चालू असलेलं प्रेमप्रकरण अर्धवट ठेवून ‘बघू या जमतं का’ म्हणून जाऊ नका. तसं करणं त्या दुसऱ्या व्यक्तीवरही अन्याय आहे.

माझं ‘मी’पण राहतं का? नाव, पोशाख, आवडीनिवडी सगळं जातं?

पूर्वी नवं नाव घेणं सर्रास होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर बऱ्याच संस्थांनी बाप्तिस्म्याचं नाव कायम ठेवायला सुरुवात केली. पोशाखाचे नियमही संस्थेगणिक वेगळे. पण ओळखीचा खरा गुंता याच्या पलीकडे आहे.

संन्यस्त माणसाच्या ओळखीत तीन थर असतात. बाप्तिस्मा झालेली, देवाला प्रिय असलेली व्यक्ती हा तळाचा. त्यावर संस्थेचा सदस्य. आणि सगळ्यात वर काम: शिक्षिका, नर्स, मुख्याध्यापक, प्रोव्हिन्शिअल (संस्थेचा प्रांतप्रमुख). वरचा थर लोकांना दिसतो, मान त्यालाच मिळतो, आणि हळूहळू माणूस त्यालाच ‘मी’ म्हणू लागतो. मग बदलीचं पत्र येतं, किंवा गुडघे साथ सोडतात, वीस वर्षं चालवलेल्या शाळेची किल्ली दुसऱ्याच्या हातात जाते, आणि पाचारणच संपल्यासारखं वाटतं. संपलेलं असतं ते पद. फॉर्मेशनमध्ये (घडणीच्या काळात) नॉव्हिसना, म्हणजे नॉव्हिशिएटमधल्यांना, मुद्दाम बिनमहत्त्वाची कामं दिली जातात त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरी चूक नेमकी उलट टोकाची. काही जणांचं ‘मी’ घडलेलंच नसतं आणि पोशाखाने ते झाकलं जातं. असा नॉव्हिस कधी चिडत नाही, कधी वाद घालत नाही, विचारलं की ‘जशी आपली इच्छा’. वरकरणी आदर्श. मात्र मत नसलेल्याचं आज्ञापालन हे आज्ञापालन नसतं. आपली इच्छा काय हे ठाऊक असणाराच ती अर्पण करू शकतो. ‘मला हे पटत नाही, तरी मी करीन’ असं शांतपणे म्हणणाऱ्याबद्दल अनुभवी नॉव्हिस मास्टर (नॉव्हिसना घडवणारे) जास्त निश्चिंत असतात.

चित्र काढणं, वाद्य वाजवणं, खेळणं यांवर पाणी सोडावं लागतं हा गैरसमज आहे. वेळ कमी मिळतो, एवढंच.

नॉव्हिस मास्टर किंवा सुपिरियर मनातलं सगळं सांगायला भाग पाडू शकतात का?

नाही. सदस्याला कोणत्याही प्रकारे आपली सदसद्विवेकबुद्धी उघड करायला लावणं अधिकाऱ्यांना कायद्याने मना आहे. विश्वासाने आपणहून बोलणं वेगळं. नॉव्हिस मास्टरने नॉव्हिसचं पापनिवेदन ऐकू नये, नॉव्हिसने स्वतः मागितलं तरच. कारण मत देणारा आणि पापं ऐकणारा एकच असला तर दोन्हीकडे कोंडी होते.

पत्रं फोडून वाचली जातात, घरच्यांशी बोलणं पूर्ण तोडलं जातं, बाहेरच्या मार्गदर्शकाला मनाई आहे, ‘माझी आज्ञा म्हणजे देवाची इच्छा’ हे वाक्य रोजच्या वापरात आहे, किंवा स्पर्श आणि जवळीक गुपित ठेवायला सांगितलं जातं: यातलं काहीही दिसलं तर बिशपांच्या कार्यालयाशी बोला, आणि गुन्हा असेल तर पोलिसांकडे जा. आज्ञापालनाचं व्रत पापाला आणि गुन्ह्याला लागू होत नाही.

घरचे विरोध करतात. काय करावं?

आईवडिलांच्या विरोधात सहसा दोन-तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: म्हातारपणाची काळजी, नातवंडांची आस, तू फसवली जाशील ही भीती. प्रत्येकीला वेगळं उत्तर लागतं. त्यांना एकदा त्या घरी घेऊन जा, सुपिरियरना भेटवा. प्रौढ उमेदवाराला परवानगीची गरज नाही, पण गुपचूप निघून जाऊ नका. आणि उलट प्रकारही असतो: आईच्या नवसासाठी निघालेली मुलं. नवस आईचा असेल, तर पाचारण अजून तुमचं झालेलं नाही.

मधेच सोडलं तर पाप लागतं का? बाहेर पडता येतं का?

पोस्टुलन्ट आणि नॉव्हिस कधीही निघू शकतात, संस्थाही त्यांना पाठवू शकते. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की सरळ घरी जाता येतं. मुदतीच्या आत जायचं तर गंभीर कारण आणि रीतसर परवानगी लागते. आजीवन व्रतांनंतर अत्यंत गंभीर कारणच हवं: परमधर्मपीठाच्या (पोपच्या) अधिकारातल्या संस्थेसाठी परवानगी रोमहून येते, धर्मप्रांतीय संस्थेसाठी बिशपांकडून. ती स्वीकारली की व्रतांतून मोकळीक मिळते. निर्णय होत नसेल तर आजीवन व्रतधारी जास्तीत जास्त पाच वर्षं संस्थेबाहेर राहण्याची परवानगी मागू शकतात.

केलेल्या कामाचा मोबदला मागण्याचा हक्क नसतो, पण जाणाऱ्याशी न्यायाने आणि प्रेमाने वागणं संस्थेवर बंधनकारक आहे. व्यवहारात घरभाडं आणि काही महिन्यांचा खर्च याबद्दल निघण्याआधी लेखी बोलून घ्या, आणि शिक्षणाची मूळ प्रमाणपत्रं परत घ्या. ती संस्थेच्या कपाटात राहून जातात.

आजीवन व्रतं झाल्यावर दुसऱ्या संस्थेकडे ओढा वाटला तर?

दोन्ही संस्थांच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची, त्यांच्या मंडळांच्या संमतीने दिलेली परवानगी आणि नव्या ठिकाणी किमान तीन वर्षांची परीक्षा, अशी वाट आहे. नवीन संस्था उभारणं हे याहून विरळा. मदर तेरेसांना १९४६ मध्ये ती हाक जाणवली, १९४८ मध्ये लोरेटो या आपल्या आधीच्या संस्थेचं घर सोडायची परवानगी मिळाली आणि १९५० मध्ये संस्थेला मान्यता मिळाली. घर सोडण्याआधी त्या अधिकाऱ्यांच्या परवानगीची वाट पाहत राहिल्या, हे हाक जाणवताच बॅग भरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

पारख करून उत्तर ‘नाही’ आलं, तर वेळ वाया गेला का?

वर्षभर रोज प्रार्थना, सेवा आणि स्वतःशी प्रामाणिक बोलणं झालेलं असतं. विवाहाची तयारी करणाऱ्यालाही याहून वेगळं काही लागत नाही. नकार संस्थेकडून आला असेल तर कारण विचारा आणि ते लिहून ठेवा. ‘या घरासाठी नाही’, ‘आत्ता नाही’ आणि ‘या जीवनासाठीच नाही’ ही तीन वेगळी उत्तरं आहेत. पहिल्यासाठी दुसरी संस्था बघता येते, दुसऱ्यासाठी कधी परत यायचं आणि तोवर काय बदलायला हवं ते विचारून घ्या. तिसरं उत्तर दोन वेगवेगळ्या संस्थांकडून आलं, तर तिसरीकडे अर्ज करण्याआधी मार्गदर्शकाकडे जा.